विश्लेषण : स्पोर्ट्स कारचे मागचे टायर अरुंद केले तर काय होते?

मागचे रुंद टायर महाग असतात, लवकर झिजतात आणि पुढच्या चाकांना बसत नसल्याने त्यांची अदलाबदलही करता येत नाही. त्यामुळे स्पोर्ट्स कारचे काही मालक चारही चाकांना पुढच्याच मापाचे टायर बसवण्याचा विचार करतात. मागची रुंदी अवघी दोन-तीन सेंटिमीटर कमी झाली तर बिघडते कुठे? सरळ रस्त्यावर, बेताच्या वेगात फरक जाणवतही नाही. तो जाणवतो वळणावर, आणि तेव्हा सावरायला वेळ नसतो.

मागचे टायर रुंद का असतात?

अनेक स्पोर्ट्स कारमध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळते. वळणातून बाहेर पडताना या चाकांना एकाच वेळी दोन कामे करावी लागतात : गाडी पुढे ढकलणे आणि तिला बाजूला घसरू न देणे. पोर्शे ९११ मध्ये तर इंजिनही मागे असल्याने वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकांवर येतो. म्हणून तिथे जास्त पकड लागते.

रुंदी कमी झाल्यावर नेमके काय घडते?

वजन आणि हवेचा दाब तोच असेल तर टायर रस्त्याला जेवढा टेकतो ते क्षेत्रफळ फारसे बदलत नाही. बदलतो तो आकार. रुंद टायरचा ठसा आडवा व आखूड, तर अरुंद टायरचा लांब व निमुळता असतो. आडवा ठसा वळणावरचा बाजूचा जोर अधिक चांगला पेलतो. मागे अरुंद टायर असेल तर पुढची चाके अजून रस्ता धरून असतानाच मागची घसरू लागतात. यालाच ‘ओव्हरस्टीअर’ म्हणतात. अशा वेळी चालक घाबरून ॲक्सेलरेटर झटकन सोडतो. त्यामुळे भार पुढे सरकतो, मागची चाके आणखी हलकी होतात आणि गाडी गरकन फिरू शकते.

होंडाचा अनुभव काय सांगतो?

होंडाने १९९९ मध्ये ‘एस२०००’ ही दोन आसनी स्पोर्ट्स कार आणली. तिचे पुढचे टायर २०५, तर मागचे २२५ मिलिमीटर रुंद होते. वळणावर तिची मागची बाजू अचानक सुटते, अशी तिची ख्याती झाली. २००४ च्या मॉडेलमध्ये कंपनीने पुढे २१५ आणि मागे २४५ मिलिमीटरचे टायर दिले. म्हणजे पुढच्या-मागच्या रुंदीतला फरक २० वरून ३० मिलिमीटरवर नेला. सोबत सस्पेन्शनही बदलले. या नव्या गाडीला मागे पुन्हा २२५ चे टायर लावणे म्हणजे कंपनीने जाणीवपूर्वक वाढवलेली सुरक्षेची मर्यादा काढून घेणे.

मग अरुंद टायर नेहमीच वाईट का?

नाही. २०१२ मध्ये आलेल्या टोयोटा ‘८६’ला काही मॉडेल्समध्ये चारही चाकांना २१५ मिलिमीटरचेच टायर होते. कमी वेगातही गाडी चालवण्याची मजा यावी, हा त्यामागचा हेतू. पण तिथे पुढची आणि मागची पकड एकमेकींशी जुळवलेली होती आणि सस्पेन्शनही त्याच हिशेबाने बेतलेले होते. शिवाय साचलेल्या पाण्यावर अरुंद टायर उशिरा तरंगतो, हा त्याचा खरा फायदा आहे. मुद्दा रुंदीचा नाही, पुढच्या-मागच्या तोलाचा आहे.

रुंदीखेरीज काय पाहावे?

टायरवरील २४५/४० आर१७ या आकड्यांत २४५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ४० म्हणजे त्या रुंदीच्या ४० टक्के उंचीची बाजूची भिंत आणि १७ हा रिमचा इंचातील व्यास. या टायरची एकूण उंची सुमारे ६२८ मिलिमीटर भरते. त्याऐवजी २२५/४० घेतला तर ती ६१२ वर येते, २२५/४५ घेतला तर ६३४ होते. हा फरक महत्त्वाचा, कारण एबीएस आणि घसरण रोखणारी यंत्रणा चारही चाकांच्या वेगाची तुलना करत असते. रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवणेही धोक्याचे. टायर उत्पादकाने दिलेली रिमची मर्यादा, भारक्षमता आणि वेगमर्यादेचे अक्षर तपासायलाच हवे.

भारतात कायदा काय म्हणतो?

नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून वेगळे ठरतील असे बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हे अधोरेखित केले. अपघातानंतर विम्याच्या दाव्यावेळी बदललेल्या टायरचा प्रश्न उपस्थित होऊ शकतो, तो वेगळाच. खर्च वाचवायचा असेल तर सोपा मार्ग म्हणजे दाराच्या चौकटीवरील पट्टीत किंवा पुस्तिकेत कंपनीने मान्य केलेली पर्यायी मापे पाहणे. तिथे चारही चाकांना एकच माप दिलेले नसेल, तर मागचा रुंद टायर ही चैन नसून त्या गाडीची गरज आहे.