प्रोग्राम चालला, पण कळला का?

अकरावी-बारावीला विज्ञान शाखेची पायरी चढलेल्या कुणालाही 'जर्नल' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. एक पान रेघांचं, एक कोरं. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष असे ठरलेले मथळे. तळाशी सरांची सही आणि परीक्षेच्या आधी 'सर्टिफाइड'चा शिक्का. संगणकशास्त्राचं जर्नलही याच साच्यातलं. प्रोग्राम लिहायचा, शेजारी त्याचं आउटपुट उतरवायचं, पुढच्या प्रयोगाकडे वळायचं. हे आउटपुट बऱ्याचदा यंत्रातून आलेलं नसतं, गेल्या वर्षीच्या मुलाच्या जर्नलमधून आलेलं असतं. विनोद म्हणून सगळे हसतात आणि सोडून देतात. पण शाळेत संगणकशास्त्र कसं शिकवावं, या जगभर चाललेल्या चर्चेत या जर्नलला मध्यवर्ती जागा मिळायला हवी असं मला वाटतं. मुलानं आपल्या प्रोग्रामबद्दल आपल्या शब्दांत लिहिणं हा संगणक शिकण्याचा गाभा आहे. आपल्याकडे त्यासाठी वही आहे, तासिका आहे, सहीसुद्धा आहे. त्या वहीत नेमकं लिहायचं काय, एवढंच आपण चुकीचं ठरवून बसलो आहोत.

प्रोग्राम लिहिता येणं आणि प्रोग्राम कळणं यांत किती अंतर असतं, ते २००१ साली एका पाहणीनं उघड केलं. मायकेल मॅक्क्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना साध्या गणिती पदावल्या सोडवणारा प्रोग्राम लिहायला दिला. हे विद्यार्थी प्रोग्रॅमिंगचा प्राथमिक अभ्यासक्रम पार पाडलेले होते. ११० पैकी सरासरी गुण पडले २२.८९. त्यांना उकल सुचली नाही एवढंच याचं कारण असेल, अशी समजूत काढता आली असती. २००४ साली ऑस्ट्रेलियाच्या रेमंड लिस्टर यांच्या गटानं तीही जागा ठेवली नाही. लिहिणं बाजूला ठेवून त्यांनी तयार प्रोग्राम समोर दिला आणि तो चालवला तर काय होईल, एवढंच विचारलं. बऱ्याच जणांना तेही जमलं नाही. दोन वर्षांनी त्याच परंपरेतल्या अभ्यासात 'हा प्रोग्राम काय करतो ते साध्या भाषेत सांगा' असा प्रश्न आला, तेव्हा अनेकांनी एकेका ओळीचा तर्जुमा करून दिला. पहिली ओळ हे करते, दुसरी ते करते, पण सगळं मिळून काय होतं ते सांगता येईना. झाडं मोजली, रान दिसलं नाही.

याचं मूळ कुठं आहे, ते रॉय पी यांनी १९८६ सालीच दाखवलं होतं. नवशिक्यांच्या चुका तऱ्हेतऱ्हेच्या दिसतात, पण त्यांच्या तळाशी एकच समजूत असते: यंत्राच्या आत कुणीतरी समजूतदार बसलेलं आहे आणि आपल्याला काय म्हणायचंय ते त्याला कळतं. पी यांनी या समजुतीला चुकांची महाचूक ठरवलं. मुलानं एखाद्या चलाला 'सर्वांत मोठा' असं नाव दिलं की त्यात सर्वांत मोठी संख्या आपोआप येऊन बसेल, असं त्याला मनोमन वाटतं. शिक्षकांची अडचण अशी की ही समजूत प्रोग्रामच्या मजकुरात दिसत नाही. प्रोग्राम बरोबर आला तर ती झाकली जाते, चुकला तर चूक तेवढी दुरुस्त होते आणि समजूत जागच्या जागी राहते. तिला बाहेर काढायचं तर मुलानं बोलावं लागतं किंवा लिहावं लागतं.

शाळेतल्या संगणकाच्या इतिहासात या प्रश्नाला फारशी जागा मिळालेली नाही. १९६४ साली डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ यांनी बेसिक भाषा आणली, १९६७ साली सीमोर पॅपर्ट, वॉली फॉयर्झिग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो घडवली. पॅपर्ट यांचा भर चूक शोधण्यावर होता, पण शाळांनी उचललं ते लोगोतलं पडद्यावरचं कासव. भारतात १९८४-८५ साली 'क्लास' प्रकल्पातून बीबीसी मायक्रो यंत्रं शाळांत आली. राज्यांमार्फत वाटल्या गेलेल्या यंत्रांची संख्या १२,००० होती. यंत्र पोचलं म्हणजे विषय पोचला, हा हिशेब तेव्हापासूनचा. पुढं महाराष्ट्रात एमएस-सीआयटीनं २००१ पासून घराघरांत संगणक साक्षरता नेली. ते मोठंच काम होतं, पण ते संगणक वापरायला शिकवण्याचं होतं, आणि शाळांनीही तोच अर्थ उचलला. इंग्लंडची गत वेगळी नव्हती. गूगलचे एरिक श्मिट यांनी २०११ मध्ये एडिंबरात जाहीर टोमणा मारला की तुमच्या शाळा सॉफ्टवेअर वापरायला शिकवतात, ते घडतं कसं हे शिकवत नाहीत. २०१२ च्या जानेवारीत रॉयल सोसायटीचा अहवाल आला आणि २०१४ च्या सप्टेंबरपासून नवा संगणन अभ्यासक्रम लागू झाला. वर्ड-एक्सेलच्या जागी अल्गोरिदम आले. मात्र पाच वर्षांच्या मुलापासून सोळा वर्षांच्या मुलापर्यंत काय शिकवायचं यावर जेवढी शाई खर्च झाली, तेवढी ते कळलं की नाही हे ओळखायचं कसं, यावर झाली नाही.

समजावून सांगण्यानं समज वाढते, याला पुरावा आहे आणि तो नुसता शिक्षकी सुभाषितांचा नाही. मिशलिन ची यांनी १९८९ साली भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांत पाहिलं की सोडवलेली उदाहरणं वाचताना जे स्वतःलाच 'ही पायरी का आली?' असं समजावत जातात, ते पुढची गणितं अधिक चांगली सोडवतात. मुळातच हुशार मुलं असं करत असतील, ही शंका रास्त होती. म्हणून १९९५ चा बिएलाचिक, पिरोली आणि ब्राउन यांचा अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो. त्यांनी लिस्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्यांना स्वतःला समजावण्याची रीत मुद्दाम शिकवली, आणि ज्यांना ती शिकवली त्यांची कामगिरी इतरांपेक्षा सुधारली. म्हणजे ही सवय लावता येते. शाळेच्या वर्गातला दाखला २०१९ चा आहे. इंग्लंडच्या स्यू सेंटन्स यांनी मांडलेल्या 'प्रिम' पद्धतीत मुलं आधी प्रोग्राम वाचून अंदाज बांधतात, मग चालवतात, तपासतात, बदलतात आणि शेवटी स्वतःचा लिहितात. ११ ते १४ वयाची ४९३ मुलं या पद्धतीनं शिकली. नेहमीच्या पद्धतीनं शिकलेल्या १८० मुलांपेक्षा ती चाचणीत पुढं राहिली. एक गोष्ट कबूल करायला हवी. या अभ्यासांत मुलं बोलतातही, वहीत लिहितात असंच नाही. तेव्हा पुरावा समजावण्याच्या बाजूनं आहे. लिहिण्याचा आग्रह मी त्यापुढं धरतो आहे. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाचं बोलणं शिक्षकांच्या कानावर पडत नाही, आणि पडलं तरी तास संपताना हवेत विरतं, वही मात्र राहते, म्हणून हा आग्रह.

एक उदाहरण जवळून पाहू. पाच संख्यांतली सर्वांत मोठी शोधायची, हा नववी-दहावीचा ठरलेला प्रयोग. मूल 'मोठा' नावाचा चल घेतं, त्यात सुरुवातीला शून्य ठेवतं, मग एकेक संख्या पाहून मोठी सापडली की ती त्यात ठेवतं. ३४, ३८, २९, ४१, ३६ असे नागपूरच्या तापमानाचे आकडे टाकले की ४१ येतात. जर्नलमध्ये आउटपुट उतरतं, बरोबरची खूण होते. आता त्याच प्रोग्रामला द्रासच्या हिवाळ्यासारखे आकडे द्या: उणे १२, उणे १८, उणे ७, उणे २१, उणे ९. यंत्र शून्य म्हणतं. प्रोग्राम चालवण्याआधी अंदाज लिहायची सक्ती असेल, तर वहीत साधारण असं उतरेल: 'मला वाटलं उणे ७ येईल. शून्य आलं. शून्य तर यादीत नव्हतंच. मग आलं कुठून? मीच पहिल्या ओळीत ठेवलं होतं.' या पाच वाक्यांत रॉय पी यांची महाचूक उघडी पडून मोडते. चलाचं नाव काहीही असो, त्यात आपण ठेवलं तेच असतं. पुढं मूल पहिलीच संख्या 'मोठा'त ठेवायला शिकेल, पण ती दुरुस्ती दुय्यम आहे. ४१ चं आउटपुट छापणारं जर्नल इथपर्यंत कधीच पोचलं नसतं. आपल्या जर्नलमध्ये चुकलेल्या प्रयोगाला पानच नसतं, ही त्याची खरी उणीव.

यावर पहिला आक्षेप वेळेचा: आठवड्याला जेमतेम एखादी प्रात्यक्षिक तासिका, तीत लिहीत बसलं तर प्रोग्राम करायचे कधी? हिशेब उलटा आहे. प्रयोगशाळेत एका यंत्रापाशी तीन-चार मुलं असतात. एकाचे हात चालतात, बाकीची पाहतात. पाहणाऱ्यांकडे वही असेल तर तेही कामाला लागतात. न्यूझीलंडच्या टिम बेल यांच्या 'अनप्लग्ड' उपक्रमानं १६, ८, ४, २, १ ठिपक्यांची पत्त्यांसारखी कार्डं वापरून द्विमान अंकपद्धती यंत्राशिवाय शिकवता येते हे दाखवलं. आपल्याकडे एसीएम इंडियाचा 'सीएसपाठशाला' उपक्रम २०१६ पासून याच वाटेनं चालला आहे. दुसरा आक्षेप तपासणीचा, आणि तो खरा आहे. साठ वह्या दर आठवड्याला वाचणं कुणालाही शक्य नाही. मी एवढंच म्हणेन की सध्याच्या साठ जर्नलांवर सह्या होतात त्यासुद्धा वाचून होत नाहीत. तासाला पाच वह्या नीट वाचाव्यात, बाकीच्या शेजाऱ्यानं वाचाव्यात. दुसऱ्याचा अंदाज का चुकला ते शोधणं हाही अभ्यासच आहे. ज्याला लिहिणं जड जातं त्यानं तक्ता करावा, बाण काढावेत, तोंडी सांगावं. इथं शुद्धलेखनाला गुण नाहीत.

नकलेचा आक्षेप सर्वांत गंभीर, चॅटजीपीटीनंतर तर फारच. इंग्लंडनं याचा चटका आधीच सोसला. तिथं दहावीच्या तोडीच्या परीक्षेत २० तासांच्या प्रोग्रॅमिंग प्रकल्पाला २० टक्के भार होता. त्याची कामं उत्तरांसकट इंटरनेटवर फिरू लागली आणि २०१८ च्या आरंभी नियामकांनी ते गुण निकालातूनच वगळले. अमेरिकेनं वेगळी वाट धरली. २०१६-१७ पासून सुरू झालेल्या 'एपी कॉम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्स' अभ्यासक्रमात ३० टक्के गुण मुलानं स्वतः केलेल्या प्रोग्रामला आणि त्याबद्दलच्या लेखनाला आहेत. २०२४ पासून ते लेखन घरी करायचं नाही, परीक्षेच्या दिवशी करायचं. स्वतःच्या प्रोग्रामचा ठरलेला भाग समोर ठेवता येतो, त्याबद्दलचे प्रश्न मात्र तिथंच कळतात. मला दुसरी वाट शहाणपणाची वाटते. प्रोग्राम कुणी लिहिला हे सिद्ध करत बसण्यापेक्षा तो कुणाला समजला हे विचारणं सोपंही आहे आणि जास्त कामाचंही. आपल्या तोंडी परीक्षेचा मूळ हेतू हाच होता. ती पाठ केलेल्या व्याख्यांची झाली, हा पुढचा भाग.

उरला भाषेचा प्रश्न. संगणकाची भाषा इंग्रजी, तेव्हा लिहायचं तर इंग्रजीतच, असं मराठी माध्यमाच्या शाळांतही मानलं जातं. सायमिंदू दासगुप्ता आणि बेंजामिन मॅको हिल यांनी २०१७ साली पाच देशांतल्या 'स्क्रॅच' ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरणाऱ्या मुलांची नोंद तपासली. ज्यांच्या पडद्यावरचे शब्द त्यांच्या भाषेत होते ती मुलं नव्या संकल्पना अधिक वेगानं वापरू लागली होती. ते शब्द प्रोग्रामचे होते, वहीचे नव्हते. पण वहीला ही सूट देणं तर आणखी सोपं. शिवाय मराठीच प्रोग्राममध्ये घातली की जे प्रश्न उभे राहतात, ते इंग्रजीत शिकणाऱ्या मुलाच्या वाट्याला येतच नाहीत. पायथनला 'मराठी' या शब्दाची लांबी विचारा. मूल म्हणतं तीन, यंत्र म्हणतं पाच. कारण युनिकोडमध्ये म, र, काना, ठ आणि वेलांटी हे पाच स्वतंत्र संकेत आहेत. शब्द उलटा करायला सांगितला तर वेलांटी सर्वांत पुढं येऊन व्यंजनाविना लटकते आणि मागं 'ठारम' उरतं. 'क्षत्रिय' तर आठ भरतो, कारण दोन हलन्तही मोजले जातात. मूल वहीत पहिला नियम लिहितं: काना, मात्रा, वेलांटी, हलन्त वगळा. उत्तर पाच येतं, हवीत तीन. पान उलटतं, दुसरा नियम येतो: हलन्त पुढच्या व्यंजनाला गिळतो, म्हणून प्रत्येक हलन्तामागे आणखी एक वजा. आता तीन आले, आणि मूल खूश. मग शेजारचा मुलगा जुन्या पद्धतीनं, शेवटच्या त चा पाय मोडून, 'अर्थात्' लिहून देतो. मोजून तीन अक्षरं, नियमानं दोनच येतात, कारण शेवटच्या हलन्तापुढं गिळायला काही उरलेलंच नाही. तिसरं पान तिथून सुरू होतं.