माशांचा फराळ

दिवाळी आली की घरोघर चकल्या-शंकरपाळ्यांचे डबे भरतात आणि चार दिवसांनी घरोघर ओव्याची आठवण होते. पोट बिघडले की सणाची गोडी जाते, हे माणसाला सांगायला नको. पण माशालाही पोट असते, तेही बिघडते, आणि ते बिघडले की एखाद्या शेतकऱ्याचे सबंध वर्ष बुडते, हे मला तीन वर्षांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हते. ते मला शिकवले धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राहणाऱ्या माझ्या थोरल्या चुलतभावाने. आम्ही सारे त्यांना आबा म्हणतो.

खानदेश म्हटला की डोळ्यांपुढे येते ती रावेर-यावलची केळी, कापसाची बोंडे आणि कळण्याची भाकरी. मासा कोणाच्या ध्यानीमनी येत नाही. पण गेल्या काही वर्षांत गावोगाव शेततळी झाली, आणि उन्हाळ्यासाठी साठवलेल्या त्या पाण्यात रोहू, कटला, मृगळ पोसावेत ही कल्पना रुजली. १९५७ साली ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी यांनी मेंदूतल्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांची अंडी मिळवून दाखवली. त्याआधी बी नदीतून गोळा करावे लागे. त्यामुळेच आज समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या आमच्या मुलखात बोटुकली विकत मिळते.

आबांनी कर्ज काढून बोटुकली सोडली. पावसाळा उत्तम गेला. मग आली थंडी. आमच्याकडची थंडी म्हणजे हाडे गोठवणारी! माशांच्या अंगावर लाल डाग दिसू लागले, काहींची पोटे फुगली, आणि रोज सकाळी काठाला दहा-वीस मासे पांढरी पोटे वर करून तरंगू लागले. त्याच सुमारास मोटारसायकलवरून एक विक्रेता आला आणि पिशवीभर पावडर देऊन गेला. किंमत ऐकून वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी जळगावला शाळेत विज्ञान शिकवीत असे, म्हणून आबांनी पिशवी माझ्यापुढे ठेवली.

“भाऊ, हाई काय शे? मास्यासले टॉनिक देवानं का?”

पिशवीवर लिहिले होते ‘प्रीबायोटिक’. त्या शब्दाचा अर्थ मलाही नीट सांगता येईना. पुढचा महिनाभर मी तेवढाच अभ्यास केला. तो वाचकांपुढे ठेवतो.

दह्याचे उदाहरण घ्या. दुधाला विरजण लावले की त्यातले जिवाणू दुधावर जगतात, वाढतात आणि दही होते. आता विरजण म्हणजे ‘प्रोबायोटिक’, म्हणजे जिवंत, उपकारक जिवाणू. आणि त्या जिवाणूंना जगवणारे दूध म्हणजे ‘प्रीबायोटिक’. आपल्या आतड्यात चांगल्या जिवाणूंची वस्ती आधीच असते. बाहेरून नवे पाहुणे आणण्याऐवजी घरच्या मंडळींनाच पोटभर जेवू घालावे, हा यातला विचार. १९९५ साली गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड या दोन शास्त्रज्ञांनी ही संज्ञा रूढ केली. त्यांचा विषय माणूस होता. मासा पुढे त्या पंगतीला येऊन बसला.

हे जिवाणूंचे जेवण मोठे मजेदार असते. ते खाणाऱ्याला स्वतःला पचत नाही. न पचता आतड्यात खाली उतरते, आणि तिथे जिवाणू ते आंबवून आम्ले तयार करतात. या आम्लांवर आतड्याचे अस्तर पोसले जाते आणि वाईट जिवाणूंना तिथे राहणे अवघड होते. चिकोरीच्या मुळातले इन्युलिन हे त्यातले प्रसिद्ध. कांद्या-लसणातही ते असते. दुसरा प्रकार यीस्टच्या पेशींच्या सालीतून काढतात. त्यातल्या ‘मॅनन’ साखरेची गंमत अशी, की काही रोगजंतू आतड्याला चिकटताना तसल्याच साखरेला पकडतात. खाद्यात ती साखर असली की जंतू तिलाच मिठी मारतो आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतो. यीस्टच्या सालीतले बीटा-ग्लुकन तर शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीलाच हलवून जागे करते.

रोहूच्या बाबतीत हे अधिकच महत्त्वाचे. कारण रोहू-कटल्याच्या जातीला खरे जठर नसतेच! घास थेट आतड्यात उतरतो, आणि ते आतडे शरीराच्या कितीतरी पट लांब, वेटोळे घालून बसलेले. माशाचा सारा संसार त्या वेटोळ्यावर.

आणि आता आमच्या जळगावकरांच्या अभिमानाची गोष्ट. कच्च्या केळ्यात न पचणारा स्टार्च भरपूर असतो. केळे पिकू लागले की त्याची साखर होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात रोहूंना केळ्याच्या सालीचे पीठ खाद्यातून दिले, तेव्हा त्यांची वाढ सुधारली आणि ‘एरोमोनास’ या जंतूशी ते अधिक नेटाने झुंजले. शरीरात पाणी साठून पोट फुगण्याच्या विकारामागे बहुधा हाच जंतू असतो. आमच्याकडे केळीच्या वखारीबाहेर सालींचे आणि टाकाऊ केळ्यांचे ढीग पडलेले असतात. ते पाहून मला वाटले, सोने उकिरड्यावर पडले आहे!

पण थांबा. इथेच माणूस फसतो. हेच इन्युलिन थंड पाण्यातल्या आर्क्टिक चार नावाच्या माशाला खाद्यात १५ टक्के घालून दिले, तर त्याच्या आतड्याच्या पेशींनाच इजा झाल्याचे २००१ साली दिसून आले. यीस्टच्या सालीची मात्रा प्रयोगांतून साधारण किलोभर खाद्याला दोन ते चार ग्रॅम इतकीच असते. मासा कोणता, मात्रा किती, दिवस किती, पाणी कसे, यावर सारे अवलंबून. काही प्रयोगांत फायदा दिसला, काहींत काहीच नाही. केळ्याची साल वाळवून, दळून, बेताने खाद्यात मिसळणे वेगळे, आणि टोपलीभर साली तळ्यात ओतणे वेगळे. त्या कुजल्या की पाण्यातला प्राणवायू खातात आणि मासा गुदमरतो.

हे सारे आबांना सांगत होतो तेव्हा जाळे ओढायला आलेले म्हातारे भोईबाबा बांधावर बिडी ओढत बसले होते. माझे व्याख्यान संपल्यावर ते शांतपणे म्हणाले, “मासा पोटना नही, पाणीना रोगी शे.”

माझ्या महिनाभराच्या वाचनाचे सार त्यांनी एका वाक्यात सांगितले! आबांच्या तळ्यात प्लॅस्टिकचा कागद. तळाला माती नाही, म्हणून घाण जिरायला जागा नाही. वर मासे आजारी दिसतात म्हणून आबा अधिकच पेंड टाकत होते. थंडीत मासा फार कमी खातो. ती पेंड तळाशी सडत होती. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडीत, ते भूक लागली म्हणून नव्हे, श्वास घ्यायला!

आम्ही क्रम बदलला. आधी खाद्य कमी केले, थोडे पाणी बदलले, मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांना विचारून बेताने चुना दिला आणि पहाटे पंपाने पाण्याचे फवारे उडवले. दुसऱ्या एकाने क्लोरॅमफेनिकॉल टाकण्याचा सल्ला दिला होता. तो मी हात जोडून नाकारला. मत्स्यपालनात या औषधाला आपल्या देशात बंदी आहे, आणि तसे नसते तरी अशा औषधांनी जंतू निर्ढावतात व पुढे माणसांनाच जड जातात. प्रीबायोटिकचे खरे मोल मला इथे दिसते. ते रोग बरा करणारे औषध नव्हे; पण त्याने पोट मजबूत राहून अशा औषधांची वेळच टळली, तर तेवढे यश पुष्कळ झाले.

मरायचे ते मासे मेलेच. कर्जाचे दोन हप्ते थकले आणि वहिनींच्या पाटल्या सोसायटीत गेल्या. पुढच्या वर्षी आबांनी बोटुकली कमी सोडली, पाणी सांभाळले आणि थंडीच्या आधी दोन महिने खाद्यात मोजून यीस्टची पावडर मिसळली. त्या हिवाळ्यात लाल डाग फारसे दिसले नाहीत. श्रेय पावडरीचे किती, पाण्याचे किती, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एकाच तळ्यावर ते ठरतही नाही. आबांना विचारले तर ते हसून भोईबाबांकडे बोट दाखवतात.

गेल्या दिवाळीला आबांकडून फराळाचा डबा आला. करंज्यांच्या खाली कागदात गुंडाळलेली एक पावती होती. पाटल्या सुटल्याची.