आरसा, काच आणि खोडद

१६ ऑगस्ट १८५८ रोजी राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स ब्यूकॅनन यांना तारेने शुभेच्छा पाठवल्या. मजकूर ९८ शब्दांचा. आयर्लंडच्या व्हॅलेन्शिया बेटापासून न्यूफाउंडलंडपर्यंत अटलांटिकच्या तळाशी नुकत्याच टाकलेल्या केबलमधून तो पलीकडे पोचायला सुमारे सोळा तास लागले, म्हणजे एकेका शब्दाला जवळजवळ दहा मिनिटं. तरी लोक आनंदाने वेडे झाले. न्यूयॉर्कमध्ये एवढी आतषबाजी झाली, की तिथल्या सिटी हॉलच्या घुमटालाच आग लागली.

वीज तर क्षणात धावते. मग शब्दाला दहा मिनिटं का?

कारण ती कशातून धावते, यावर सगळं ठरतं. त्या केबलच्या गाभ्यात तांब्याची तार होती. तिच्यावर गटापर्चाचं वेष्टन होतं. गटापर्चा म्हणजे मलायाच्या जंगलातल्या एका झाडाचा चीक; गरम पाण्यात तो मऊ होतो आणि समुद्राच्या गारठ्यात वर्षानुवर्षं टिकतो. त्याच्या बाहेर खारं पाणी. तांबं वीज वाहून नेतं, खारं पाणीही नेतं, आणि दोघांच्या मध्ये वीज अडवणारा थर. अशी रचना वीज साठवून ठेवते. त्यामुळे इकडून दिलेला नेमका, टोकदार ठोका तिकडे पोचेपर्यंत पसरून लांबलचक, मंद लाट होऊन जायचा. आधीचा ठोका ओसरेपर्यंत पुढचा देऊन उपयोग नसे. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी हे आधीच गणिताने मांडलं होतं: केबलची लांबी दुप्पट केली, तर हा विलंब चौपट होतो.

केबलचे प्रमुख विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांना हे गणित मान्य नव्हतं. ते मूळचे शल्यचिकित्सक. संदेश क्षीण येतो ना, मग जोर वाढवा, असा त्यांचा विचार. त्यांनी मोठमोठी वेटोळी लावून सुमारे दोन हजार व्होल्टचे झटके दिले. केबल आधीच सदोष बनली होती, नीट सांभाळलीही गेली नव्हती. हे झटके तिला सोसवले नाहीत. तीनेक आठवड्यांत ती कायमची मुकी झाली.

थॉमसन यांनी उलट बाजूने विचार केला. बोलणाऱ्याचा आवाज वाढवायचा नाही, ऐकणाऱ्याचा कान तल्लख करायचा. इवलासा आरसा, त्याच्या पाठीला चिमुकली चुंबकं, आणि तो रेशमाच्या धाग्याने टांगलेला. भोवतीच्या वेटोळ्यातून अगदी क्षीण प्रवाह गेला तरी आरसा किंचित वळायचा, आणि त्याच्यावर पडलेला दिव्याचा किरण समोरच्या मोजपट्टीवर डावी-उजवीकडे सरकायचा. त्या ठिपक्याची हालचाल म्हणजे अक्षर. १८६६ मध्ये अटलांटिकची केबल टिकाऊपणे जोडली गेली, तेव्हा याच आरशाने संदेश वाचले. ती टाकणारं ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अवाढव्य जहाज १८७० मध्ये मुंबईला आलं आणि इथून एडनपर्यंत केबल अंथरून गेलं. त्याच वर्षी मुंबई समुद्री केबलने इंग्लंडशी जोडली गेली.

संदेश कशातून धावतो यावर सगळं ठरतं, ही गोष्ट दूरसंचाराच्या इतिहासात मला पुन्हा पुन्हा भेटते, आणि काचेच्या बाबतीत ती सर्वांत सुंदर रूपात भेटते.

पारदर्शक पदार्थात उजेड कोंडून वळवता येतो, हे जिनिव्हाच्या डॅनिएल कोलाडॉन यांनी १८४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच पाण्याच्या धारेत दाखवलं होतं. काचेच्या तंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेण्याचं काम पंजाबात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये केलं. पण ते सारं हातभर अंतराचं. १९६० च्या दशकातल्या चांगल्यातल्या चांगल्या तंतूतही वीस मीटरवर उजेडाचा शंभरावा हिस्सा उरायचा. एवढ्यात घराचं अंगण ओलांडून होतं, शहर नाही. तेव्हा बहुतेकांनी काचेचा नाद सोडला होता.

१९६६ मध्ये इंग्लंडमधल्या हार्लो इथे चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं: उजेड काच खात नाही, काचेतली घाण खाते. लोखंडासारख्या धातूंचे कण काढून टाकले, तर एक किलोमीटरनंतरही शंभरावा हिस्सा उरू शकेल, आणि तेवढा उरला की टेलिफोनसाठी काच वापरता येईल. जगात तशी काच कुठेही नव्हती. अस्तित्वात नसलेल्या शुद्धतेवर त्यांनी भरवसा ठेवला. चारच वर्षांनी, १९७० मध्ये, अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या तीन शास्त्रज्ञांनी ती मर्यादा ओलांडली. काव यांना याच कामासाठी २००९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

ही काच वाळू वितळवून होत नाही. सिलिकॉनचं एक बाष्पशील संयुग वाफेच्या रूपात घेऊन ऑक्सिजनबरोबर जाळतात. लोखंड त्या वाफेबरोबर फारसं उडत नाही, मागेच राहतं. जळून जी पांढरी काजळी धरते, ती तापवून काचेचा दांडा करतात आणि त्यातून केसाएवढा तंतू ओढतात. त्याचा जो गाभा उजेड वाहतो, तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. आज शंभरावा हिस्सा उरतो तो शंभर किलोमीटरनंतर! वीस मीटर, मग एक किलोमीटर, मग शंभर. हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले की मला आजही थक्क व्हायला होतं. अर्थात हा उजेड डोळ्यांना दिसणारा नाही, अवरक्त आहे, कारण काच सर्वांत निर्मळ असते ती त्याच लहरींसाठी.

तरीही महासागर शंभर किलोमीटरचा नाही. म्हणून केबलमध्ये दर साठ ते शंभर किलोमीटरवर एक प्रवर्धक बसवतात. त्यातल्या तंतूत एर्बियम नावाच्या धातूचे अणू मिसळलेले असतात. त्यांना आधी लेसरने ऊर्जा देऊन ठेवायची. थकलेला उजेड तिथून जाताना तीच ऊर्जा घेऊन पुन्हा सशक्त होतो, मध्ये कुठेही विजेत रूपांतर न होता. त्या लेसरांना लागणारी वीज केबलमधलंच तांबं पुरवतं. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अशा केबल जमिनीवर येतात. परदेशातल्या नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या आजीचा आवाज मोबाइलपासून टॉवरपर्यंतच हवेतून जातो. पुढची जवळजवळ सगळी वाट काचेची.

केबलीविना, रेडिओलहरींनी बोलायचं म्हटलं तरी माध्यमाचा प्रश्न राहतोच. समुद्राच्या पाण्याला रेडिओलहरी चालत नाहीत. काही मीटरांतच ते त्या गिळून टाकतं. निर्वात पोकळीचं उलट आहे. ती काहीच गिळत नाही, पण लहर इतकी फाकत जाते की पोचते तेव्हा जवळजवळ काही उरलेलं नसतं. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण नेमकं हेच उरलंसुरलं टिपते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटरांत पसरलेल्या, तारांच्या हलक्या जाळीच्या. भोवतीच्या डोंगरांमुळे माणसांचा रेडिओ-गोंगाट इथे कमी पोचतो.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं स्कियापारेली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचा छोटा प्रेषक मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांना ऐकू जावा एवढ्याच ताकदीचा होता. पृथ्वीशी थेट बोलणं त्याच्या कामातच नव्हतं. खोडदच्या तबकड्यांनी तो सूर सतरा कोटी किलोमीटरहून जास्त अंतरावरून पकडला. निघाल्यापासून पोचायला त्याला जवळपास दहा मिनिटं लागत होती. यानाची हवाई छत्री उघडल्याचं त्या सुरातल्या बदलावरून कळलं. उतरण्याच्या थोडं आधी सूर थांबला. यान मंगळावर आदळलं होतं. तबकड्यांपासून मध्यवर्ती इमारतीपर्यंतचे शेवटचे काही किलोमीटर तो सूर जमिनीत पुरलेल्या काचेच्या तंतूंमधून आला होता.