खेड्यात भरलेली पहिली काँग्रेस

एखाद्या पक्षाचे मोठे अधिवेशन भरले की आपल्यापैकी कित्येकांना ट्रकमध्ये बसवून तिकडे नेले जाते. मांडव, भाषणे, हारतुरे पाहून माणूस रात्री घरी परततो. पण तिथे ठरले काय आणि पुढारी निवडला कोणी, हे विचारले तर सांगता येत नाही. म्हणून आज आपल्याच मुलखातल्या एका जुन्या अधिवेशनाची हकिकत सांगतो.

भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे पहिले अधिवेशन १८८५ च्या डिसेंबरात मुंबईत भरले. खरे तर ते पुण्यास व्हायचे होते; पण तिथे पटकीची साथ आल्याने मुंबईस हलवावे लागले. बहात्तर प्रतिनिधी आले, त्यांत बहुतेक वकील, संपादक आणि शिकलेली मंडळी होती. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे ही सभा शहरांतच भरत राहिली. काँग्रेस खेड्यात भरली पाहिजे, असा आग्रह गांधीजींनी धरला. त्यातून १९३६ च्या डिसेंबरात पन्नासावे अधिवेशन पूर्व खानदेशातील यावल तालुक्यात, फैजपूरला भरले. हाच आजचा जळगाव जिल्हा.

फैजपूरला रेल्वे नव्हती. जवळचे स्टेशन सावदा. एवढ्या माणसांची सोय कशी लागायची, ही शंका अनेकांना होती. पण खानदेशच्या शेतकऱ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी ती खोटी ठरवली. धनाजी नाना चौधरी, शंकरराव देव यांच्यासारखी मंडळी कामाला लागली. साने गुरुजी गावोगाव फिरून लोकांना जागे करीत होते. अधिवेशनाच्या जागेला टिळकनगर नाव दिले. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि खेड्यात सहज मिळणाऱ्या वस्तूंनी ती सजवली. अध्यक्षांची मिरवणूक बैलांनी ओढलेल्या रथातून निघाली. शेजारीच खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन होते.

आता अध्यक्ष निवडला कसा ते पाहू. १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसची नवी घटना झाली. वर्षाला चार आणे वर्गणी भरणारा कोणीही सभासद होऊ लागला. गावापासून तालुका, जिल्हा, प्रांत अशा कमिट्या झाल्या. सभासद प्रतिनिधी निवडीत आणि सर्व प्रांतांतले प्रतिनिधी अध्यक्षासाठी मत देत. म्हणजे निदान कागदावर तरी खुर्चीचा पाया गावातल्या चार आण्यांवर होता.

फैजपूरसाठी जवाहरलाल नेहरू आणि सरदार वल्लभभाई पटेल ही दोन मोठी नावे पुढे होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लखनौला नेहरूच अध्यक्ष होते. गांधीजींचा कल नेहरूंकडे होता आणि सरदारांनी आपले नाव मागे घेतले. पण ते मुकाट्याने बाजूला झाले नाहीत. जवाहरलालांचे सर्वच विचार मला मान्य आहेत असे कोणी समजू नये, आणि अध्यक्ष हा काही हुकूमशहा नसतो, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. मतभेद उघड बोलायचा आणि तरी घर मोडू द्यायचे नाही, हे भाऊबंदकीत पोळलेल्या आपल्या घरांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्याच सुमारास अखिल भारतीय किसान सभेचेही अधिवेशन फैजपूरला झाले. प्रा. एन. जी. रंगा तिचे अध्यक्ष होते. मनमाडहून शेतकऱ्यांचा एक जथा वाटेतल्या गावांना जागवीत पायी फैजपूरला आला. काँग्रेसने तिथे शेतीविषयक कार्यक्रमाचा ठराव केला. सारा आणि खंड कमी करावा, पोट न भरणाऱ्या तुकड्यांना माफी द्यावी, कुळाला जमिनीवर कायम राहता यावे, कर्जाचा बोजा हलका करावा, वेठबिगार बंद व्हावी, शेतमजुराला पोटापुरती मजुरी मिळावी, अशी कलमे त्यात होती. जमीनदारी पुरती मोडण्याचे कलम मात्र नव्हते.

मग ही बोलाची कढी, बोलाचाच भात ठरली का? अगदी तसे नाही. १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. १९३९ साली कुळांसाठी आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी कायदे झाले. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मांडलेले खोती रद्द करण्याचे बिल त्या विधिमंडळात पार पडले नाही. कोकणातल्या कुळांना १९४९ च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले. कूळकायदा १९४८ ला आला, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन उजाडला तेव्हा जुन्या मुंबई राज्याच्या भागातले कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. फैजपूरच्या ठरावापासून सातबाऱ्यावर नाव लागण्यापर्यंतची वाट वीस वर्षांहून लांब होती. ज्यांनी पाठपुरावा केला त्यांनाच ती सरली.

मते मिळाली म्हणजे सारे जमते असेही नाही. १९३९ साली सुभाषचंद्र बोस यांनी पट्टाभी सीतारामय्या यांचा १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पराभव केला. पण त्रिपुरीच्या अधिवेशनात ठराव झाला की, कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेप्रमाणे नेमावी. एकमत झाले नाही आणि एप्रिलमध्ये सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. १९५० साली नाशिकच्या अधिवेशनापूर्वी पुरुषोत्तमदास टंडन, आचार्य कृपलानी आणि आपले शंकरराव देव अशी तिरंगी लढत झाली. टंडन निवडून आले, पण नेहरूंशी न पटल्याने पुढच्याच वर्षी त्यांना जागा सोडावी लागली. पुढे अशी चुरस क्वचितच झाली. अलीकडे २०२२ साली मल्लिकार्जुन खर्गे यांना ७८९७ आणि शशी थरूर यांना १०७२ मते पडली.

यातून आपण काय घ्यायचे? पक्ष कोणताही असो, त्याच्या मांडवात जाण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. एक, आपल्या गावात या पक्षाची सभासद-वही आहे का, आणि तीत घरच्या बायकांची नावे आहेत का? दोन, पुढारी मताने निवडला की वरून ठरवून पाठवला? तीन, मागच्या अधिवेशनात शेतकऱ्यांसाठी केलेल्या ठरावाचे पुढे काय झाले?

आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? गावची वही कोरी असेल तर वरच्या खुर्चीवर आपला माणूस कसा बसेल? सोसायटीच्या वार्षिक सभेलासुद्धा आपण कित्येकदा सही करून परततो. सवय तिथूनच लावायला हवी. पुढच्या सभेला जाल तेव्हा शेवटपर्यंत बसा, ठराव नीट ऐका, आणि पटला नाही तर उभे राहून तसे सांगा.