स्नानगृहातील फुगलेली जमीन

अमेरिकेत कारखान्यात बांधून पोलादी सांगाड्यासह मुक्कामी नेल्या जाणाऱ्या घरांना १५ जून १९७६ पासून केंद्र सरकारची बांधकामसंहिता लागू झाली. तथापि त्यांपैकी पुष्कळ घरांच्या स्नानगृहांत व्हिनाइलच्या पातळ आवरणाखाली अंथरलेला पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा राळेने सांधून दाबलेला तक्ता, पाण्यापुढे फारच दुर्बल ठरतो. शौचकुंडाच्या तळाशी असलेल्या मेणाच्या कड्याची पकड सुटली, की पाणी थेंबाथेंबाने तक्त्यात मुरते, वरचे व्हिनाइल अभेद्य असल्यामुळे त्यास बाष्परूपाने निसटण्यास वाव उरत नाही, चुऱ्याचे कण फुगून राळेचा बंध तुटतो, आणि जमीन पायाखाली दबू लागते तेव्हा कोठे घरमालकास वर्दी मिळते. अशा वेळी नुसते वरून ठिगळ लावणे हे, माझ्या मते, दुखण्यावर पांघरूण घालणे होय: आधी गळती बंद करावी, कुजका भाग खालच्या वाशांपर्यंत कापून काढावा व तेथे प्लायवूड स्क्रूंनी जखडावे. नंतर नव्या व्हिनाइलचा तुकडा नक्षी जुळवून जुन्यावर ठेवावा आणि पट्टीच्या आधाराने धारदार सुरी दोन्ही थरांतून एकदमच फिरवावी, म्हणजे सांधा बिनफटीचा बसतो. मात्र १९८० पूर्वीच्या काही व्हिनाइलच्या पाठीस ॲस्बेस्टॉसचा थर असे. तपासणी करविल्यावाचून ते खरवडू अगर घासू नये.