बचत गट मोजले. निर्णयाचा हक्क कसा मोजणार?

सोलापूर : महिलांसाठीचा एखादा मदत कार्यक्रम संपत आला, की अहवालाची पाने आकड्यांनी भरू लागतात. इतके बचत गट स्थापन झाले, शिबिरांना इतक्या महिला उपस्थित राहिल्या, इतके कर्ज वाटले गेले आणि त्यातील इतके टक्के वेळेवर परत आले. हे आकडे खोटे नसतात. मात्र घरातील, शेतातील आणि गावातील निर्णय कोण घेते व त्यात काही फरक पडला काय, या मूळ प्रश्नाचे उत्तर त्यांत सापडत नाही. मदत संस्थांच्या स्त्री-पुरुष समता धोरणांचे मूल्यमापन नेमके याच ठिकाणी अवघड होऊन बसते.

सोलापूर जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातील २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाल्याचे आढळले. सोलापुरात हेच प्रमाण सुमारे ४० टक्के होते. बचत गटांचे जाळे गावोगाव पोहोचलेल्या जिल्ह्यातील हे चित्र आहे. याचा दोष बचत गटांच्या माथी मारता येणार नाही. पण गटांची संख्या हीच प्रगतीची खूण मानता येत नाही, एवढे त्यावरून निश्चित होते.

प्रकल्प वेगळा, धोरण वेगळे

आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, २४ फेब्रुवारी १९७५ रोजी, राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळाची (माविम) स्थापना झाली. १९९४ मध्ये राज्याचे पहिले महिला धोरण जाहीर झाले. पुढे माविमने आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्याने २००७ ते २०१८ या काळात ‘तेजस्विनी’ हा ग्रामीण महिला सक्षमीकरण कार्यक्रम राबविला. त्यात बचत गटांना एकत्र आणून, महिलांनीच चालवायची लोकसंचालित साधन केंद्रे उभी करण्यात आली.

असा कार्यक्रम म्हणजे ठरावीक मुदतीचा, ठरावीक पैशाचा प्रकल्प. धोरण त्याहून व्यापक असते. संस्थेचे पाणी, शेती, आरोग्य आणि कर्ज हे सारे उपक्रम एका प्रदेशात एकाच दिशेने जातात काय, हे धोरणाच्या मूल्यमापनात पाहावे लागते. पाणलोटाच्या कामाने महिलांवरील श्रमाचा बोजा वाढत असेल आणि त्याच संस्थेचे दुसरे पथक त्यांना ‘वेळेचे नियोजन’ शिकवीत असेल, तर दोन्ही प्रकल्प स्वतंत्रपणे यशस्वी ठरूनही धोरण फसलेले असते.

मदत देणाऱ्या देशांच्या समितीने मूल्यमापनासाठी जे निकष ठरविले, त्यांत २०१९ मध्ये ‘सुसंगती’ या सहाव्या निकषाची भर पडली ती याच कारणाने. समर्पकता, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव आणि शाश्वतता हे उरलेले पाच निकष होत.

साधने, निर्णय आणि फलित

अर्थतज्ज्ञ नायला कबीर यांनी १९९९ मध्ये सक्षमीकरणाची मांडणी साधने, निर्णयशक्ती आणि फलित अशा तीन पायऱ्यांनी केली. अनेक अहवाल पहिल्या पायरीवरच थांबतात. कर्ज मिळाले, हे साधन झाले. ते कशासाठी वापरायचे हे कोणी ठरविले, हा पुढचा प्रश्न. बांगलादेशातील ग्रामीण कर्जयोजनांचा अभ्यास करणाऱ्या अॅन मारी गोएट्झ आणि रीना सेन गुप्ता यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले, की महिलांच्या नावे निघालेल्या कर्जाचा लक्षणीय भाग प्रत्यक्षात घरातील पुरुषांच्या ताब्यात जात होता. हप्ते मात्र बाईच्या नावावर चालू राहतात. अशा वेळी परतफेडीचा चढा आकडा तिच्या सत्तेची नव्हे, तिच्यावरील दबावाचीही खूण असू शकतो.

शेतीचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून पुढे आलेली ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था लातूर, धाराशिव आणि सोलापूर या पट्ट्यात काम करते. तिच्या ‘एक एकर’ पद्धतीत शेतकरी महिला घरच्यांशी बोलून अर्धा ते एक एकर जमीन स्वतःच्या निर्णयाने पिकविण्यासाठी मिळविते व त्यात भाजीपाला, कडधान्ये, तृणधान्ये घेते. संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला.

पीक कोणते घ्यायचे हे बाईने ठरविणे, हा बदल लहान नाही. तरीही मूल्यमापकाने सातबारा पाहायलाच हवा. शब्दावर मिळालेली जमीन आणि उताऱ्यावर नाव असलेली जमीन यांत मोठे अंतर असते. पीक फायद्याचे ठरल्यावर ते क्षेत्र तिच्याकडेच राहिले की परत गेले, हे प्रकल्प संपल्यानंतर दोन-तीन वर्षांनी जाऊनच कळते. देशात २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महिलांच्या ताब्यातील वहिती खातेदारी जेमतेम १४ टक्के होती.

तिसरा मापदंड वेळेचा. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या महिला त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात. असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. उत्पन्न वाढले आणि झोप कमी झाली, तर त्याला न्याय म्हणावे काय? सोलापुरातील विडी कामगार महिलांच्या बाबतीत हा हिशेब आणखी गुंतागुंतीचा आहे. पाने कापणे, विड्या वळणे हे काम घरातच चालते आणि मजुरी हजार विड्यांवर ठरते. ‘तुम्ही कामाला जाता काय?’ असा सरळ प्रश्न विचारला, तर त्यांचे निम्मे आयुष्य प्रश्नावलीबाहेर राहते.

विचारायचे कोणी, कोणत्या भाषेत

शहराच्या पूर्व भागात तेलुगू, सीमेलगतच्या तालुक्यांत कन्नड, काही वस्त्यांत उर्दू बोलली जाते. सासू किंवा पती शेजारी बसलेले असताना मराठी प्रश्नावलीवर दिलेल्या उत्तराला किती किंमत द्यायची, हे मूल्यमापकाने आधीच ठरवावे लागते. पुरुषांना स्वतंत्रपणे विचारणेही तितकेच आवश्यक असते.

काही आकडे तर उलटे वाचावे लागतात. कार्यक्रम सुरू झाल्यावर कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी वाढल्या, तर ते अपयशच असते असे नाही. पूर्वी दडपल्या जाणाऱ्या घटना आता नोंदविल्या जात आहेत, असाही त्याचा अर्थ असू शकतो. म्हणून तक्रारींच्या संख्येसोबत त्यांचे पुढे काय झाले हेही तपासावे लागते.

श्रेयाचा प्रश्नही नाजूक आहे. २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली, २०११ मध्ये राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण मिळाले, २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. या साऱ्याचा परिणाम बाजूला काढण्यासाठी कार्यक्रम नसलेल्या, पण अन्यथा सारख्या असलेल्या गावांशी तुलना करणे भाग असते. सुरुवातीची पाहणीच झाली नसेल, तर शेवटी केलेली तुलना अंदाजापलीकडे जात नाही.

आरसा संस्थेकडेही

धोरणाची परीक्षा केवळ गावातच होत नाही. हैतीतील भूकंपानंतरच्या मदतकार्यात ऑक्सफॅमच्या काही कर्मचाऱ्यांनी केलेले लैंगिक गैरवर्तन २०१८ मध्ये जगासमोर आले, तेव्हा समतेचा पुरस्कार करणाऱ्या संस्थांनाच आपले घर तपासावे लागले. निर्णयाच्या पदांवर किती महिला आहेत, २०१३ च्या कायद्यानुसार तक्रार समिती आहे काय आणि तिच्याकडे जायला कनिष्ठ कर्मचारी धजावतात काय, हे प्रश्न मूल्यमापनाच्या कार्यकक्षेत असायला हवेत.

माविमचा ‘नव तेजस्विनी’ हा पुढचा टप्पा महिलांच्या उद्योगांवर भर देतो. त्याचे मूल्यमापन करताना किती उद्योग सुरू झाले, हे मोजले जाईलच. त्या उद्योगांचे बँक खाते कोण चालविते, मशिन कोणाच्या नावे आहे आणि त्या घरातील मुलीचे लग्न कितव्या वर्षी झाले, हेही नोंदले गेले, तर अहवाल सोलापूरच्या उपयोगाचा ठरेल.