फितीवर जपलेला वाद्यवृंद

बालमित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर किंवा कपाटाच्या खालच्या कप्प्यात एखादी जुनी कॅसेट आहे का? असली तर जरा बाहेर काढा. आत अडकलेली ती तपकिरी फीत पेन्सिल घालून गुंडाळायची कशी, ते आईबाबा तुम्हाला हसत हसत दाखवतील. आता फितीकडे नीट पाहा. गाणं दिसतंय कुठे? नाही ना! डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण गाणं असतं तिथेच.

आज आपण अशाच काही फितींची गोष्ट ऐकणार आहोत. या फिती आहेत युरोपातल्या पोलंड देशातल्या, आणि त्यांच्यात एक अख्खा वाद्यवृंद जपलेला आहे, बरं का!

पोलंड आपल्याला अगदीच परका नाही. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेले सुमारे ५,००० पोलिश लोक, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुलं, कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथल्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात राहिले होते. त्याच पोलंडमध्ये १८१० साली शोपाँ हा महान पियानोवादक आणि संगीतकार जन्मला. खेड्यातल्या माझुर्का नाचाचा ताल त्याने पियानोवर आणला आणि तो जगभर पोहोचवला. पोलिश लोकांना शोपाँचा केवढा अभिमान!

दोन तऱ्हेची संगीतं

शोपाँचं संगीत म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत. त्यात प्रत्येक स्वर आधी कागदावर लिहिलेला असतो. वाद्यवृंदात साठ-सत्तर वादक बसलेले असले, तरी प्रत्येकाने समोरच्या कागदावर आहे तेवढंच वाजवायचं. समोर उभा असलेला संचालक हातातली काडी हलवून सगळ्यांना एकत्र ठेवतो.

जाझची तऱ्हा निराळी. हे संगीत अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, न्यू ऑर्लिन्स शहरातल्या कृष्णवर्णीय वादकांनी घडवलं. त्यात आधी एक छोटी धून वाजते आणि मग एकेक वादक त्या धुनेवर मनाने, तिथल्या तिथे नवं नवं रचत जातो. आपल्याकडे गवई बंदिशीचे चार शब्द घेऊन अर्धा तास आलाप-ताना रंगवतात ना? काहीसं तसंच.

आता तुम्हीच सांगा, एकात सगळं लिहिलेलं आणि दुसऱ्यात बरंचसं न लिहिलेलं. मग ही दोघं एका सतरंजीवर बसायची कशी?

लपून वाजवलेलं संगीत

पोलंडमध्ये तर आणखी एक अडचण होती. महायुद्धानंतर तिथे साम्यवादी सरकार आलं. १९४९च्या सुमारास त्या सरकारने जाझला नाक मुरडायला सुरुवात केली. हे अमेरिकेचं संगीत, ते आपल्या तरुणांना बिघडवेल, असं वरचे लोक म्हणू लागले. रेडिओवर जाझ वाजेनासं झालं. मग काय, हौशी मुलं घराघरांत, बंद दारांआड जमून वाजवू लागली. पोलिश लोक त्या दिवसांना जाझचा 'भुयारातला काळ' म्हणतात.

१९५३ साली रशियाचा हुकूमशहा स्टालिन वारला आणि हळूहळू वारं फिरलं. ऑगस्ट १९५६मध्ये समुद्रकाठच्या सोपोत गावी जाझचा पहिला मोठा महोत्सव भरला. तिथे सहा जणांच्या एका चमूने श्रोत्यांना वेड लावलं. त्यांतल्या तिघांची नावं लक्षात ठेवा. पियानोवर होता २५ वर्षांचा क्शिश्तोफ कोमेदा, व्हायब्राफोनवर २१ वर्षांचा येझी मिलियान आणि सॅक्सोफोनवर २० वर्षांचा यान व्रुब्लेव्स्की. व्हायब्राफोन म्हणजे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य. छोट्या काठ्यांनी पट्ट्यांवर मारलं की जलतरंगासारखा मधुर, लांबत जाणारा आवाज येतो.

कोमेदाची गंमत ऐका. त्याचं खरं आडनाव होतं त्शचिन्स्की, आणि तो होता चक्क कान-नाक-घशाचा डॉक्टर! आपण जाझ वाजवतो हे दवाखान्यात कळू नये म्हणून त्याने 'कोमेदा' हे नाव घेतलं. लहानपणी लढाईचा खेळ खेळताना मुलांनी भिंतीवर 'कोमेंदा' लिहिताना एक अनुस्वार गाळला, त्यातून हे नाव निघालं, असं सांगतात. शुद्धलेखनाची चूक कुणाला अशी फळली नसेल! पुढे तो मोठा चित्रपट-संगीतकार झाला. पण १९६९मध्ये, अवघ्या ३७व्या वर्षी, तो गेला.

शोपाँच्या गावाला जाझचा नमस्कार

मार्च १९५८मध्ये डेव्ह ब्रूबेक हा नामवंत अमेरिकन जाझ पियानोवादक पोलंडच्या दौऱ्यावर आला. तिथे त्याने शोपाँचं संग्रहालय पाहिलं आणि शोपाँची आठवण होईल अशी एक जाझ रचना केली. तिचं नाव ठेवलं 'जेंकुये', म्हणजे पोलिश भाषेत 'आभारी आहे'. पोझनान शहरातल्या दौऱ्याच्या शेवटच्या कार्यक्रमात त्याने ती वाजवली. आपल्याच शोपाँचा सुगंध एका अमेरिकन माणसाच्या जाझमधून दरवळतोय, हे ऐकून श्रोत्यांना काय वाटलं असेल!

त्याच दौऱ्यात ब्रूबेक पुढे मुंबईलाही आला होता. इथे त्याने सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वादन केलं. म्हणजे पोलंडमध्ये शोपाँ आणि मुंबईत सतार, एकाच दौऱ्यात जाझने दोन्ही दारांवर थाप दिली.

रेडिओचा वाद्यवृंद

आता आपल्या उरलेल्या दोघांकडे वळू. व्रुब्लेव्स्कीला सगळे लाडाने 'प्ताशिन' म्हणत. पोलिश भाषेत 'प्ताक' म्हणजे पक्षी. या पाखराने १९६८ ते १९७८ अशी दहा वर्षं पोलिश रेडिओचा जाझ वाद्यवृंद चालवला. मिलियान गेला कातोवित्से या कोळशाच्या खाणींच्या शहरात. तिथे १९७४ ते १९९१ तो रेडिओ आणि दूरचित्रवाणीच्या वाद्यवृंदाचा प्रमुख होता.

अशा वाद्यवृंदांत जाझची ट्रम्पेट्स, सॅक्सोफोन, ड्रम्स आणि शास्त्रीय संगीतातली व्हायोलिन्स, सेलो, बासऱ्या एकत्र यायच्या. आणि मघाचं कोडं असं सुटायचं. संगीतकार बहुतेक सगळं कागदावर लिहायचा, पण मध्येच काही जागा मोकळ्या ठेवायचा. तिथे फक्त सुरावटीचा सांगाडा असे. त्या जागा आल्या की एक वादक मनाने वाजवायचा आणि बाकीचे लिहिलेलं वाजवत त्याला आधार द्यायचे. तबल्याचं एकल वादन ऐकलंय ना? पेटीवाला तोच तोच लेहरा धरून ठेवतो आणि तबलजी त्यावर नाना करामती करतो. अगदी तसं!

माझ्या चौथीच्या वर्गात मी एकदा अशी एक ध्वनिफीत वाजवली. एका मुलाने हात वर केला. "बाई, आता व्हायोलिनवाले गप्प का बसले?" किती चांगला प्रश्न! ते गप्प बसले, कारण दुसऱ्याची बोलायची पाळी होती. पुढच्या क्षणी ते परत आले आणि सॅक्सोफोनच्या सुरांखाली गालिच्यासारखे पसरले.

हे सगळं सुखासुखी झालं नाही हो. आंद्झेय कुरिलेविच हा गुणी वादक १९६०च्या दशकात रेडिओच्या वाद्यवृंदाचा प्रमुख होता. त्याने सत्ताधारी पक्षाचा सभासद व्हायला नकार दिला आणि त्याची ती जागा गेली. एका नकाराची एवढी मोठी किंमत!

११४ मीटरचं गाणं

हे वाद्यवृंद स्टुडिओत वाजवत आणि ते फितीवर नोंदवलं जाई. कसं? प्लॅस्टिकच्या पातळ फितीवर लोहाच्या संयुगाची बारीक पूड लावलेली असते. मायक्रोफोन आवाजाचं विजेत रूपांतर करतो. ती वीज एका छोट्या विद्युतचुंबकातून जाते आणि त्यासमोरून सरकणाऱ्या फितीवरची पूड कमी-जास्त चुंबकित होते. ऐकताना उलटा प्रवास. चुंबकातून वीज आणि विजेतून पुन्हा आवाज.

स्टुडिओतली फीत सेकंदाला सुमारे ३८ सेंटिमीटर वेगाने सरके. करा बघू गणित! एका मिनिटाला २२.८ मीटर. मग पाच मिनिटांच्या रचनेला? ११४ मीटर! शंभर मीटर शर्यतीच्या अंतरापेक्षाही लांब.

यातली पुष्कळशी ध्वनिमुद्रणं रेडिओवर वाजवण्यासाठी होती, दुकानात विकण्यासाठी नव्हती. त्यामुळे एकदा-दोनदा कार्यक्रमात लागायची आणि मग फीत खोक्यात, खोकं कपाटात. फीत महाग असते. म्हणून जगात अनेक ठिकाणी जुनं पुसून त्याच फितीवर नवं नोंदवलं गेलं. इंग्लंडच्या बीबीसीसारख्या मोठ्या संस्थेचे कितीतरी जुने कार्यक्रम असे कायमचे गेले. दमट हवेत काही फितींवरचा थर चिकट होतो. मग अशी फीत खास यंत्रात सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या मंद उष्णतेत कित्येक तास ठेवावी लागते. तेव्हा कुठे ती पुन्हा वाजते आणि संगणकावर उतरवून घेता येते.

कातोवित्सेच्या फितींचं नशीब चांगलं. या शतकात काही लहान ध्वनिमुद्रण कंपन्यांनी ती खोकी उघडली, फिती स्वच्छ केल्या आणि ते संगीत तबकड्यांवर आणलं. मिलियान २०१८ साली गेले. त्यांच्या हयातीतच त्यांची काही जुनी ध्वनिमुद्रणं नव्या श्रोत्यांपर्यंत पोहोचली होती. आणि प्ताशिन? १९७०पासून पाच दशकांहून अधिक काळ ते पोलिश रेडिओवर 'जाझचा पाऊण तास' हा कार्यक्रम सांगत राहिले. २०२४ साली, ८८ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं. सोपोतच्या त्या मंचावरचे आपले तिघेही आज नाहीत. पण फिती आहेत, म्हणून त्यांचं वाजवणं आहे.

आता तुमचं काम

मुलांनो, खोक्यात फीत असून भागत नाही. खोक्यावर चिठ्ठी हवी. कोण वाजवतंय, कधी, कुठे, रचना कुणाची? हे लिहिलेलं नसेल तर उत्तम फीतसुद्धा अनोळखी पाहुण्यासारखी पडून राहते. कुणीतरी कंटाळा न करता त्या चिठ्ठ्या लिहिल्या, म्हणून आज आपल्याला नावं माहीत आहेत.

तुमच्या आजीला जात्यावरच्या ओव्या येतात? गावातले काका सनई वाजवतात? मग या रविवारी आईबाबांचा मोबाइल घ्या आणि नोंदवा. मात्र आधी त्यांची परवानगी विचारा. खोलीतला पंखा बंद करा, नाहीतर त्याचीच घरघर जास्त ऐकू येईल. सुरुवातीला तुमच्या आवाजात तारीख, गाव आणि गाणाऱ्याचं नाव सांगा. ओवी आजीने कुणाकडून शिकली तेही विचारा. झाल्यावर त्याची आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवा, कारण मोबाइल पाण्यात पडायला वेळ लागत नाही! आणि एका वहीत सगळी माहिती सुवाच्य अक्षरात लिहा.

तुम्ही कुणाचा आवाज नोंदवलात, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा.